पन्नीखालचं छत

कवेलूचं घर गळायला लागलं की सगळ्यांच्या नजरा वर जातात. गळणं थांबलं की वर कुणी बघत नाही. रिसोड तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराचं खरं नुकसान झालं ते या दुसऱ्या काळात, घरात एकही थेंब पडत नसताना.

11 फेब्रुवारी 2018 रोजी जालना-बुलडाण्यापासून आमच्या वाशिम जिल्ह्यापर्यंत मोठी गारपीट झाली. गहू-हरभऱ्याचं काय झालं ते बातम्यांत आलं, घरांवरच्या कवेलूंचं ज्याचं त्यानं निस्तरलं. आमच्या घरावर मंगळुरी कवेलू होते. फुटलेले बदलायचे म्हटले तर मापाचे मिळेनात. बासेल मिशन या मिशनरी संस्थेनं 1865 मध्ये मंगळूरला कवेलूंचा कारखाना काढला आणि पुढे हा नमुना देशभर पसरला. पण कारखान्यागणिक साचा थोडा वेगळा, त्यामुळे एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत नीट बसत नाही. शेवटी पाडलेल्या घरांवरचे जुने कवेलू आणून मिस्त्रीनं जमेल तसे बसवले आणि फटी सिमेंटनं बुजवल्या. वरवर शाबूत दिसणारे पण गारांनी चरे गेलेले कवेलू तसेच राहिले.

पावसाळा लागला आणि माजघरात टपकायला लागलं. मिस्त्रीनं गावात बहुतेक घरांवर होता तोच इलाज केला : कवेलू उचलून खाली जाड काळी पन्नी अंथरली. टपकणं बंद झालं.

पन्नीनं पाणी अडवलं, पण ते नाहीसं झालं नव्हतं. उतारानं सरकत ते भिंतीपाशी यायचं आणि पन्नी संपायची तिथं, वाशांच्या टोकांवर मुरायचं. कवेलूच्या छताचा मोठा गुण असा की फटींतून वारा खेळतो आणि सकाळी भिजलेलं लाकूड उघडीप मिळाली की वाळतं. पन्नीनं तो वारा बंद केला. काही पावसाळे असेच गेले. मग झडीच्या एका रात्री कोपऱ्यातली पाखी वाशांसकट खाली आली. खाली तुरीची पोती होती, माणूस नव्हतं. सकाळी वाशाचं टोक हातात घेतलं तर ते भिजल्या भाकरीसारखं चुरगळलं. त्याच वाशाचा मधला भाग ठणठणीत होता.

त्यानंतर गावोगावची छतं बघण्याची सवय लागली. त्यातून जे कळलं ते सांगतो. कवेलू फुटणं हे छताचं किरकोळ दुखणं आहे, एका तासात बरं होणारं. मोठं दुखणं लाकडाचं असतं, आणि ते टपकण्याच्या कितीतरी आधी दिसायला लागतं.

पहिली तपासणी अंगणातून करा, शिडीशिवाय. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपं असताना घरापासून लांब उभं राहून आढ्याची रेघ बघा. ती मधे खचलेली दिसली, तर आढं किंवा त्याखालचा खांब दबलाय. पाखीवर खोलगट भाग दिसला, तर तिथला वासा वाकलाय किंवा रिपा सुटल्यात. कवेलूंच्या ओळी वळचणीकडे सरकलेल्या दिसल्या, तर मागची नाकं रिपेवरून निसटली आहेत. अंगणात, वळचणीखाली खापऱ्या सापडल्या की त्या झाडून टाकण्याआधी वर बघा. आमच्याकडे वानरांची टोळी एकदा घरावरून गेली की दहा-वीस कवेलू हलतातच.

दुसरी तपासणी आतून, भर दुपारी. दारं-खिडक्या लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावू द्या. कवेलूंच्या सांध्यातून मंद उजेडाची रेघ दिसली तर घाबरू नका. जमिनीवर उन्हाचा कवडसा पडत असेल, तर मात्र कवेलू सरकलाय किंवा फुटलाय. काचेचा कवेलू बसवला असेल तर त्याच्या चारी कडा बघा, बरेचदा पाणी तिथूनच शिरतं. भिंतीवर वरून आलेले तपकिरी ओघळ, पोपडे धरलेला चुना, पांढरा क्षार ही जुन्या ओलीची खूण. उन्हाळ्यातही हात लावल्यावर भिंत थंड-दमट लागली, तर पाणी अजून मुरतंय.

तिसरी तपासणी लाकडाची, आणि हीच बहुतेक घरांत राहून जाते. हातोडीच्या दांड्यानं वासे ठोकत जा. चांगलं सागवान खणखणतं, पोखरलेलं भदभदतं. भिंतीत शिरणाऱ्या टोकांशी, आढ्याच्या बुडाशी आणि दोन पाख्या मिळतात त्या पन्हाळीखाली स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत रुतला तर त्या वाशाचा भरवसा धरू नका. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. जमिनीवर रोज बारीक पीठ सांडत असेल तर लाकडात कीड आहे. पन्नी घातलेली असेल तर ती एका टोकाला उचलूनच बघावं लागेल, कारण ती सगळं झाकते.

कवेलूची परीक्षा सोपी आहे. बोटाच्या पेरानं वाजवा. चांगला भाजलेला कवेलू टणकन वाजतो, चिरलेला बद्द आवाज देतो. पृष्ठाचे पापुद्रे सुटत असतील किंवा वरून भिजल्यावर पोटाकडून ओल येत असेल, तर तो आता पाणी पितो. असे कवेलू पावसात जड होतात आणि तो भार शेवटी वाशांवरच येतो. सिमेंटची ठिगळं जिथं जिथं दिसतील तिथं शंका घ्या. आमच्या उन्हाळ्यात कवेलू आणि सिमेंट सारखे प्रसरण पावत नाहीत. सांधा उकलतो आणि पाणी त्याच्या आतून चालू लागतं.

आता गळतीचा माग. टपकतं त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी वाशाच्या पोटाला धरून खाली येतं आणि रीप किंवा खिळा आडवा आला की तिथं थेंब सोडतं. म्हणून थेंबापासून उताराच्या उलट दिशेनं, वर शोधत जा. पाऊस चालू असताना आतून खडूनं खुणा करून ठेवा आणि उघडीप मिळाल्यावर तिथं काम करा.

काम कधी काढायचं? कवेलू फेरायचे ते रोहिणी लागायच्या आत. मृग 7-8 जूनला लागतो, पण वळवाचं वादळ त्याची वाट बघत नाही आणि मे संपता संपता मिस्त्री मिळणं मुश्कील होतं. वर चढायचं तर सकाळी, कोरड्या छतावर, फळी टाकून. कवेलूच्या मध्यावर पाय देऊ नये, रिपेच्या रेषेवर द्यावा. विजेची तार छताजवळून जात असेल तर आधी पुरवठा बंद करून घ्यावा. वादळानं किंवा गारपिटीनं पडझड झाली, तर आवराआवरीआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. सरकारी मदतीच्या निकषांत अंशतः पडझडीसाठी किमान 15 टक्के नुकसान धरतात आणि ते पंचनाम्यात दिसावं लागतं.

तातडीला पन्नी वापरायला हरकत नाही, पण ती कवेलूवरून टाका आणि पावसाळा सरला की काढा. खाली कायमची ठेवायची असेल तर ती वळचणीच्या बाहेरपर्यंत न्या, म्हणजे पाणी भिंतीवर न पडता अंगणात पडेल, आणि आढ्याजवळ वारा जायला जागा सोडा.

पैसा थोडा असेल तर आधी कुजलेले वासे आणि रिपा, मग पन्हाळ आणि आढं, मग कवेलू या क्रमानं लावा. उलट्या क्रमानं लावलेला पैसा पुढच्या झडीत वाहून जातो. कवेलू एकाच साच्याचे घ्या. जुने-नवे मिसळायचेच असतील तर एका पाखीवर एकच नमुना ठेवा. आणि मिस्त्री वर चढला की त्याला भिंतीलगतची एक ओळ उचलून वाशांची टोकं दाखवायला सांगा. मजुरीचं बोलणं त्यानंतर.