विटेतलं शिल्प आणि वर्क ऑर्डर: भट्टी पेटण्याआधी काय लिहून घ्याल?



गणपती गेले की आपल्याकडच्या बहुतेक गणपतीच्या शाळा बंद होतात. मातीत बसलेला हात आहे, पडवी आहे, दोन-तीन पोरं तयार झालेली आहेत, पण पुढच्या मे-जूनपर्यंत काम नाही. आजचा भाग मुख्यतः या मूर्तिकारांसाठी आणि छोट्या शिल्पकारांसाठी आहे. नगरपंचायत, हॉटेल किंवा एखादी संस्था असं काम देणार असेल, तर त्यांनीही वाचावा. विषय आहे विटेत कोरलेलं सार्वजनिक शिल्प: बागेच्या भिंतीवर, शहराच्या प्रवेशावर, बसस्थानकासमोर.

तुम्ही म्हणाल, कोकणात वीट कशाला? आपल्याकडे चिरा आहे. बरोबर आहे. पण जांभ्यात बारीक काम टिकत नाही. तो भोकाभोकांचा दगड, नाकडोळे काढायला गेलात तर कड सुटते. बंगालमधल्या बिष्णुपूरला जांभाही आहे आणि पाऊसही आहे. तिथल्या मल्ल राजांच्या काळात जांभ्याची देवळं झाली आणि विटांचीही झाली. बारीक कोरीव काम बघायचं तर विटांच्या देवळांकडेच जावं लागतं. तिथलं श्यामराय मंदिर १६४३ चं आहे. भाजलेली माती पावसात टिकते, फक्त ती नीट भाजलेली हवी.

आता हे काम होतं कसं ते आधी बघू, कारण करार त्याच्यावरच बेतायचा आहे.

पक्की वीट छिन्नीने कोरायची नसते. यंत्रावर दाबून काढलेली, भोकं नसलेली, अजून ओलसर अशी कच्ची वीट घ्यायची. किंचित मागे झुकलेल्या फळीवर या विटांची भिंत रचायची. मसाला नाही, फक्त सांध्याच्या जाडीची पट्टी मध्ये ठेवायची. मग त्या अख्ख्या भिंतीवर कोरायचं. कोरून झालं की प्रत्येक विटेच्या मागे खिळ्याने नंबर ओढायचा. पेनाने लिहिलात तर भट्टीत जळून जाईल आणि तीनशे विटांचं कोडं सोडवत बसाल! जिथे उठाव जाड आहे तिथे वीट मागून पोकळ करायची, नाहीतर भाजताना तडकते. मग सावलीत हळूहळू, काही आठवडे वाळवायची, आणि मग भट्टी. शेवटी गवंडी नंबरप्रमाणे बांधतो.

यात एक जागा अशी आहे जिथून मागे फिरता येत नाही. ती म्हणजे भट्टी. माती ओली असेपर्यंत नाक बदला, हात बदला, अक्षर बदला, एका दिवसाचं काम आहे. भाजल्यावर 'साहेब म्हणतात चेहरा जरा हसरा करा' असा निरोप आला, तर तेवढ्या विटा पुन्हा, किंवा सगळंच पुन्हा. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मंजुरी ओल्या मातीत घ्या आणि पैशाचा मोठा टप्पा भट्टी पेटण्याआधी घ्या. बाकीची कलमं याच्याभोवती फिरतात.

मंजुरी नेमकी कशाला?

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे, आणि आपल्या सगळ्यांना लागलेलं आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. तो विटेचा नव्हता, आणि दोष कोणाचा हे ठरवायला यंत्रणा आहेत. आपल्या धंद्याच्या नजरेने मी एकच गोष्ट उचलतो. कला संचालनालयाकडून नंतर सांगण्यात आलं, की त्यांनी मान्यता दिली होती ती ६ फुटांच्या मातीच्या नमुन्याला. प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटांचा होणार हे त्यांना कळवलेलं नव्हतं. म्हणजे मंजुरीचा कागद एका वस्तूचा आणि उभी राहिली दुसरी. नंतर राम सुतार यांच्या संस्थेकडून तिथे ६० फुटी पुतळा झाला, ११ मे २०२५ ला त्याचं अनावरण झालं. त्या निविदेत आधी लहान नमुना, त्याला मान्यता आणि पुढची १० वर्षं देखभाल ठेकेदाराकडे, अशा अटी होत्या. पहिल्या वेळी जे गृहीत धरलं गेलं ते दुसऱ्या वेळी लिहिलं गेलं.

तुमचं काम १० फुटांचं असलं तरी मंजुरीच्या कागदावर हे हवं: मूळ आकाराची ओल्या मातीची भिंत बघितली, तारीख, सहा बाजूंनी काढलेले फोटो, प्रत्येक फोटोवर सही. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही. मी हे अनुभवाने सांगतोय. दुकान नवीन होतं तेव्हा एका संस्थेच्या फलकांचं काम घेतलं, नमुना फोनवर पाठवला, 'छान' असं उत्तर आलं. महिन्याभरात तो माणूस बदलून गेला. नवीन आलेल्यांना रंग पटला नाही. पैसे मिळाले चौदा महिन्यांनी, तेही कापून. फलक पुन्हा रंगवता येतो हो, भाजलेली वीट कशी बदलणार?

थोर व्यक्तीचा पुतळा असेल तर परवानग्यांची वाट वेगळी आणि लांब आहे. ती जबाबदारी काम देणाऱ्याची, हे कार्यादेशात पहिल्याच पानावर यावं. सुरुवात करणाऱ्याने मासेमारी, भातलावणी, दशावतार असे विषय निवडावेत असं माझं मत.

हिशेब

समजा भिंतीवर १० फूट बाय ६ फुटांचं शिल्प आहे. म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. आपली प्रमाणित वीट १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटर, सांधा १० मिलिमीटर. चौरस मीटरला ५० विटा बसतात. म्हणजे २८० च्या आसपास. भाजताना तडकणाऱ्या धरून ३१० कोराव्या लागतील. वजन कोरण्याआधी जवळजवळ एक टन. हे वजन मागच्या भिंतीला पेलतंय का आणि गंज न धरणाऱ्या सळीने बांधायचं कसं, हे अभियंत्याने सहीनिशी सांगायचं. ते काम मूर्तिकाराचं नाही, अंगावर घेऊ नका.

माती ओल्यापासून भाजेपर्यंत आटते, साधारण ८ ते १२ टक्के. १० टक्के धरलं तर १९० मिलिमीटरची पक्की वीट मिळायला कच्ची २११ ची लागेल. नव्या माणसाचं चित्र इथेच चुकतं: तो १० फुटांचं कोरतो आणि ९ फुटांचं उभं राहतं. मग साहेब टेप लावतात, मोजमाप पुस्तिकेत कमी चौरस फूट चढतात आणि बिल तेवढं कापलं जातं. म्हणून त्याच मातीच्या दहा विटा आधी भाजून आटणं मोजा. त्याच विटा वजन करून २४ तास पाण्यात ठेवा आणि परत तोला. साध्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं भारतीय मानक सांगतं, वरच्या दर्जाच्या विटेला ही मर्यादा १५ आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मी १५ च्या वर जाणार नाही. किनाऱ्याजवळ काम असेल तर खाऱ्या हवेचा लोणाही धरा. आणि सांध्यात नुसतं कडक सिमेंट भरायला देऊ नका. सांधा विटेपेक्षा कडक झाला की फुटते ती वीट.

आता पैसे. समजा काम ४ लाखांचं ठरलं. चित्र आणि लहान नमुन्याला ४० हजार, माती उचलताना १ लाख २० हजार, ओल्या मातीतली मंजुरी झाल्यावर पण भट्टीआधी १ लाख २० हजार, भिंत उभी राहिल्यावर ८० हजार आणि एक पावसाळा बघून उरलेले ४० हजार. याउलट 'काम झाल्यावर सगळे देऊ' हे मान्य केलंत, अडीच लाख अंगावरचे घातलेत, ते महिना २ टक्क्यांनी उचललेत आणि बिल आठ महिन्यांनी निघालं, तर ४० हजार नुसतं व्याज. म्हणजे तुमच्या मजुरीतून तेवढे गेले.

चित्राचे पैसे वेगळे का? कारण चित्र झालं तरी काम होईलच असं नाही. इंग्लंडमध्ये लीड्स शहरात अँटनी गॉर्म्ली या शिल्पकाराचा विटांचा भव्य माणूस उभा राहायचा होता. १९८८ मध्ये नगरपालिकेने नाकारला. आज त्याचा फक्त नमुना तिथल्या कलादालनात आहे. आणि काम झालं तर कसं होतं, तेही बघा: रॉटरडॅमला १९५५ मध्ये हेन्री मूरने एका इमारतीसाठी सुमारे १६,००० विटांचं भिंतशिल्प केलं. नमुने त्याचे, विटा लावल्या तिथल्या गवंड्यांनी. म्हणजे शिल्पकार आणि गवंडी हे दोन वेगळे दर, एकात मिसळू नका.

सरकारी कामात आगाऊ रक्कम मिळणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. मग अंदाजपत्रक बनतानाच 'कच्च्या विटांतील कोरीव काम, मंजुरीसह' अशी वेगळी बाब घालायला सांगा. बाब असेल तर तिचं मोजमाप होतं आणि रनिंग बिल निघतं. निविदा निघाल्यावर हे सांगून उपयोग नाही. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली करत असाल तर हेच टप्पे त्याच्या लेटरहेडवर घ्या.

उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करा, नंतर नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. मात्र बांधकामासकट घेतलेल्या ठेक्याला हा कायदा लागतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. त्यामुळे शिल्प बनवून पुरवणं आणि जागेवर बांधणं यांची शक्यतो दोन बिलं ठेवा, आणि जीएसटीचं सीएला विचारून घ्या.

उभं राहिल्यानंतर

अमरनाथ सहगल यांचं नाव लक्षात ठेवा. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारने त्यांच्याकडून १४० फूट लांबीचं ब्रॉन्झचं भित्तिशिल्प करून घेतलं. १९७९ मध्ये ते काढलं आणि गोदामात टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७: शिल्प विकलं तरी त्याची नासधूस होऊन कलाकाराच्या नावाला धक्का लागला, तर त्याला दाद मागता येते. पण सव्वीस वर्षं लागली. आपल्यापैकी कोणाला परवडणार? म्हणून दोन ओळी लिहून घ्या: शिल्प हलवायचं, रंगवायचं किंवा त्यावर फलक ठोकायचा असेल तर आधी कळवायचं, आणि कोपऱ्यात एका विटेवर करणाऱ्याचं नाव आणि वर्ष राहील.

ताबा देताना त्याच मातीच्या, त्याच भट्टीतल्या वीस कोऱ्या विटा आणि नंबरांचा नकाशा द्या, पोच घ्या. पाच वर्षांनी गाडी घासली तर दुरुस्ती तुमच्याकडेच येईल, आणि तिचा दर तेव्हाचा असेल हेही लिहा.

वेळापत्रक उलटं मोजा. मेअखेर भिंत उभी हवी, म्हणजे एप्रिलमध्ये भट्टी, फेब्रुवारी-मार्च वाळवणं, डिसेंबर-जानेवारी कोरणं. म्हणजे कार्यादेश दिवाळीच्या आसपास हातात पाहिजे. फेब्रुवारीत कोणी 'मेपर्यंत द्या' म्हणालं तर पुढच्या हंगामाची तारीख द्या. पावसाळ्यात कच्ची वीट वाळत नाही, आणि तेव्हा तुमच्या पडवीत गणपती असतात.

पुढच्या भागात मजुरीचा दर चौरस फुटावर काढायचा की दिवसावर, ते बघू. तोपर्यंत त्या दहा विटा भाजून बघा.