उडवीतली बुरशी

एडवण, केळवे, सफाळे या पट्ट्यात भाताचा पेंढा हेच गुरांची मुख्य वैरण असून, झोडणी आटोपल्यावर खळ्यालगत रचलेल्या उडव्यांवर पुढच्या पावसाळ्यापर्यंत गोठ्याची सारी भिस्त असते. म्हणूनच त्या उडवीच्या पोटात काय चालले आहे याची दखल घेणे हे दुधाचा हिशेब ठेवण्याइतकेच अगत्याचे आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

डिसेंबर २०१७ च्या आरंभी ‘ओखी’ चक्रीवादळामुळे आमच्या किनाऱ्यावर अवेळी पाऊस झाला, त्या वर्षी वैरणीचा तुटवडा पडून आम्हाला बाहेरून पेंढा विकत घ्यावा लागला. वरून सोनेरी दिसणाऱ्या त्या भाऱ्यांचा गाभा मात्र काळसर होता आणि त्याला कुबट वास येत होता. पुढे थंडी पडल्यावर आमची एक म्हैस मागच्या पायाने लंगडू लागली, खुराच्या वरचा भाग सुजला, कानांची टोके हाताला गार व चामड्यासारखी लागू लागली आणि शेपटीचा शेंडा काळा पडला. घरच्यांना प्रथम लाळ्या-खुरकुताचा संशय आला. परंतु तोंडात फोड नव्हते, लाळही गळत नव्हती. पशुवैद्यांनी जनावर तपासल्यावर औषधाआधी पेंढा मागवला, भारा मधोमध उकलून त्यातील पांढऱ्या-काळ्या बुरशीकडे बोट दाखवले आणि हा विकार ‘देगनाला’सारखा आहे, असे सांगितले.

देगनाला हे नाव आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील देग नावाच्या नाल्यावरून आले. त्या मुलखात आणि पुढे आपल्याकडील पंजाब-हरियाणात, ओला राहून बुरसलेला भाताचा पेंढा खाणाऱ्या जनावरांत, त्यातही गायींपेक्षा म्हशींत, हिवाळ्यामध्ये पाय, कान व शेपटी यांचे मांस कुजण्याचे प्रकार आढळले असून फ्यूजेरियम आदी बुरश्यांची विषे त्यास कारण मानली जातात. वाडीतला पाट अरुंद झाला की शेवटचा वाफा आधी सुकतो, तद्वत या विषांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की शरीराची टोके आधी मरतात. आणि थंडीत त्वचेकडील रक्तप्रवाह मुळातच आटलेला असल्याने तेव्हा हा घाला अधिक तीव्र होतो.

याच जातीच्या उपद्रवाचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला. केंटकी राज्यात १९३१ साली आढळलेले आणि १९४३ मध्ये प्रसृत झालेले उंच फेस्क्यू गवताचे वाण तेथील कुरणांत दूरवर पसरले, परंतु ते खाणाऱ्या गुरांचे खूर गळू लागले, उन्हाळ्यात ती धापा टाकू लागली आणि गायी गाभण राहीनाशा झाल्या. दोष गवताचा नसून त्याच्या पेशींच्या दरम्यान गुप्तपणे राहणाऱ्या बुरशीचा आहे, हे १९७७ च्या सुमारास उघडकीस आले. त्या बुरशीची अर्गट-वर्गीय द्रव्ये रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे त्वचेवाटे उष्णता बाहेर पडत नाही, गर्भाशय व अंडाशय यांना रक्त कमी पोहोचते आणि कोवळा गर्भ टिकत नाही. शिवाय प्रोलॅक्टिन हे संप्रेरक घटल्याने दूधही आटते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी १९३५ पासून ठाऊक असलेले अर्गोमेट्रिन हे औषध याच कुळातले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषाचे सामर्थ्य पटते. आमच्या पेंढ्यातील बुरशी निराळी, तिची विषेही निराळी. तथापि फ्यूजेरियमच्या काही जाती झिअरालेनोन नावाचे, स्त्रीसंप्रेरकासारखे वागणारे द्रव्य निर्माण करतात आणि त्याने माजाचे चक्र बिघडू शकते.

त्या हंगामात आमच्याच गोठ्यातली दुसरी म्हैस, बाहेरून धडधाकट असूनही, पुनःपुन्हा उलटत राहिली, म्हणजे रेतन करूनही गाभण राहीना. शेजाऱ्यांनी कृत्रिम रेतन करणाऱ्याच्या माथी खापर फोडले. पेंढा बदलल्यावर ती गाभण राहिली खरी, परंतु एका जनावरावरून सिद्धान्त मांडू नये. मात्र म्हैस उलटू लागली की वैरण तपासल्यावाचून कोणावर ठपका ठेवणे मला अन्याय्य वाटते.

तेव्हा माझ्या शेतकरी बांधवांनी एवढी खबरदारी घ्यावी. पेंढा पुरता वाळल्याशिवाय उडवी रचू नये. तिचा तळ दगड-फळ्यांनी जमिनीपासून उचलावा आणि अवकाळी पावसासाठी ताडपत्रीची तजवीज आधीच ठेवावी. विकतचा भारा घेताना मध्यभागी हात घालून पाहावे. उष्णता, ओल वा कुबट वास जाणवल्यास तो घेऊ नये आणि घरात आला असेल तर जनावरापुढे टाकू नये, चांगल्या पेंढ्यात मिसळून खपवूही नये. युरियाची प्रक्रिया चांगल्या पेंढ्याचा कस वाढवण्यासाठी असते; सडलेला पेंढा तिने निर्विष होईल, या भरवशावर राहू नये. रोज सकाळी कान व शेपूट हाताने चाचपावी आणि टोक गार लागले किंवा पाय सुजला तर वैरण त्याच दिवशी बदलून पशुवैद्यांना इत्तला द्यावी, कारण आरंभीची सूज उतरते, काळे पडलेले मांस मात्र परत येत नाही. आमच्या म्हशीचा पाय बरा झाला, शेपटीचा शेंडा गळून पडला.

आणखी एक गोष्ट, जी मी कळकळीने बजावतो: म्हैस गाभडली तर सारा दोष पेंढ्यावर लोटून मोकळे होऊ नये. ब्रुसेलोसिस या सांसर्गिक रोगानेही गाभ जातो आणि तो माणसालाही होतो. म्हणून पडलेला गर्भ व वार यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, कुत्र्यांना ते खाऊ देऊ नये, पशुवैद्यांच्या सल्ल्याने खोल पुरून त्यांची विल्हेवाट लावावी, जनावराच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि निकाल हाती येईपर्यंत त्याचे दूध उकळल्याविना कोणाच्याही मुखी लागू देऊ नये.