विहिरीवरची वीज आणि जमिनीची जोड



मोठ्या शहरांत पोहायला तरणतलाव असतात. रात्री पोहता यावे म्हणून त्यांच्या पाण्यात दिवे बसवतात. पाणी आणि वीज एका जागी आली की धोका आला. म्हणून ते दिवे फार जपून बसवावे लागतात.

आपण म्हणाल, आपल्याला तरणतलावाशी काय करायचे? पण बघा, आपली पोरे पोहायला शिकतात ती विहिरीत. त्याच विहिरीवर मोटार असते, लोखंडी पाइप असतो, स्टार्टरची पेटी असते. गाळ काढायचा झाला तर आपण विहिरीत दिवाही सोडतो. म्हणजे आपली विहीर हाच आपला तरणतलाव. तरणतलावाला जो नियम, तोच विहिरीला. तो नियम आज आपण समजून घेऊ.

आमची चूक

आधी आमचीच एक गोष्ट सांगतो. आम्ही शाळेत मुलांना वीज म्हणजे काय ते शिकवले. पण आमच्याच शेतात ते विसरलो.

पिंपळगाव राजाच्या शिवारात आमची थोडी जमीन आहे. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे. एका पावसाळ्यात आमचा सालदार म्हणाला, "गुरुजी, पेटीले हात लावला का मुंग्या येतात."

आम्ही म्हणालो, "ओल आहे बाबा. पायात रबरी चप्पल घालत जा."

हा सल्ला चुकीचा होता. मुंग्या येणे ही विजेने दिलेली हाक असते. आम्ही ती ऐकली नाही. पुढे चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी बैल पाण्यावर आणला. पेटी ज्या लोखंडी अँगलवर बसवली होती, त्याला बैलाने मान घासली आणि जागेवरच कोसळला. सालदार त्याला धरायला धावला. शेजारच्या शेतकऱ्याने ओरडून त्याला थांबवले आणि आधी मेन स्विच पाडला, म्हणून माणूस वाचला. बैल गेला. ऐन हंगामात जोडी मोडली.

दोष आमचा होता. पण दोष नेमका कोणता, हे आम्हांला वायरमनने दाखवले.

वीज कशी फिरते?

वीज नेहमी फेरी पुरी करते. डीपीतून निघते, मोटारीतून जाते आणि परत डीपीला पोचते. परतीची वाट मिळाली नाही तर ती वाहत नाही.

डीपीजवळ विजेची एक बाजू मुद्दाम जमिनीला जोडलेली असते. म्हणून जमीन हीसुद्धा परतीची एक वाट आहे. जिवंत तारेला हात लागला आणि पाय ओल्या जमिनीवर असले, की वीज हातातून शिरते, छातीतून जाते आणि पायांतून जमिनीत उतरते. वाटेत काळीज असते. म्हणून माणूस मरतो.

एका फेजेचा दाब जमिनीच्या मानाने २३० व्होल्ट असतो. कोरडी कातडी विजेला पुष्कळ अडवते. ओल्या अंगाचा अडथळा फार कमी असतो. म्हणून पाण्यातला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो.

आर्थिंग म्हणजे काय?

मोटारीच्या आत तांब्याची तार गुंडाळलेली असते. तारेवर लेप असतो. लेप जुना झाला, ओल शिरली, उंदराने वायर कुरतडली, तर वीज मोटारीच्या लोखंडी अंगावर येते. मोटार चालूच राहते. वरून काही दिसत नाही. पण तिचे अंग जिवंत तारेसारखे झालेले असते.

अशा वेळी विजेला माणसापेक्षा सोपी वाट मिळाली पाहिजे. म्हणून मोटारीचे अंग जाड तारेने जमिनीत पुरलेल्या पाइपाला किंवा पत्र्याला जोडतात. हेच आर्थिंग. वाट सोपी असली की त्या वाटेने एकदम खूप वीज धावते, फ्यूज जळतो आणि पुरवठा बंद पडतो.

आता हिशेब पहा. विजेच्या वाटेतला अडथळा ओहम या मापाने मोजतात. दाबाला अडथळ्याने भागले की किती अँपिअर वीज वाहील ते कळते.

चांगले आर्थिंग असेल आणि वाटेतला एकूण अडथळा ५ ओहम असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. १५ अँपिअरचा फ्यूज लगेच जळेल.

आमच्या विहिरीवर वायरमनने यंत्र लावून अडथळा मोजला. तो ६० ओहम निघाला. २३० भागिले ६० करा. ४ अँपिअरसुद्धा होत नाहीत. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालतानाच साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. मग ४ अँपिअरने फ्यूज कसा जळेल? तो जळला नाही. पेटी आणि अँगल जिवंतच राहिले. सालदाराच्या पायात चप्पल होती, म्हणून त्याला नुसत्या मुंग्या आल्या. पावसाने गळती वाढली, जमीन भिजली, आणि बैलाच्या पायांत तर चप्पल नव्हती.

"पण आर्थिंग तर होते!" आम्ही म्हणालो.

वायरमन म्हणाला, "होतं ना गुरुजी. पण दोन फुटांच्या सळईला तार गुंडाळून मुरमात ठोकलं होतं. ते आर्थिंगचं सोंग आहे."

"बसवताना शंभराचा बल्ब लावून तपासले होते. चांगला पेटला होता."

तो हसला. बल्ब आपल्याला कसा फसवतो ते त्याने सांगितले. १०० वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो. एवढी वीज वाईट वाटेनेही जाते. पाऊलवाटेवरून एक माणूस सहज जातो, म्हणून तिथून भरलेली बैलगाडी जाईल काय? बल्ब पेटला म्हणजे वाट आहे एवढेच कळते. ती किती रुंद आहे ते कळत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर नावाचे यंत्रच लावावे लागते.

सगळे लोखंड एका दाव्याला

आता दुसरी गोष्ट. ही पुष्कळांना ठाऊक नसते.

विजेच्या उघड्या तारेवर चिमणी बसते. ती मरत नाही. का? तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. दोन्ही पायांपाशी दाब सारखाच. फरक नाही, म्हणून वीज तिच्या अंगातून वाहत नाही. वीज वाहते ती दोन ठिकाणच्या दाबांत फरक असला तरच.

विहिरीवर काय काय लोखंड असते ते मोजा. मोटार, स्टार्टरची पेटी, तिचा अँगल, पाण्याचा पाइप, उतरायची शिडी, रहाटाचा सांगाडा. समजा, पाइपावर वीज आली आणि शिडीवर नाही. पोहणाऱ्या पोराने एक हात पाइपाला आणि दुसरा शिडीला लावला, तर पोरगा त्या दोघांमधला दुवा होतो. म्हणून हे सगळे लोखंड जाड तारेने एकमेकांना जोडून मग आर्थिंगला जोडावे. सगळ्यांवर दाब सारखा राहिला की हातांमध्ये फरक उरत नाही. तरणतलावातही दिव्याची कडी, शिडी, कठड्याच्या नळ्या आणि काँक्रीटमधल्या सळया अशाच एकत्र जोडतात.

गुरे लवकर का मरतात, तेही यावरून कळेल. तार तुटून जमिनीवर पडली की तिच्याजवळ जमिनीचा दाब जास्त आणि दूर कमी असतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे. फरक जास्त पडतो आणि वीज छातीतून जाते. म्हणून पडलेल्या तारेजवळ आपणही जाऊ नये, गुरेही जाऊ देऊ नयेत.

आर्थिंग कसे असावे?

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पण तो काय करतो ते आपल्याला कळले पाहिजे.

जस्ताचा मुलामा दिलेला, सुमारे अडीच मीटर लांबीचा लोखंडी पाइप जमिनीत उभा पुरतात. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. वर नरसाळे ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात पाणी घालता येते. ओल असेल तर जमीन वीज नीट वाहून नेते.

आपल्या भागात काळी जमीन आहे. ती ओल धरते, हे चांगले. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइपापासून माती सुटते. खाली मुरूम किंवा काळा पाषाण लागला तर अडथळा फार वाढतो. तेव्हा एक पाइप पुरत नाही. दूर दूर दोन-तीन पाइप पुरून ते एकमेकांना जोडावे लागतात. आमच्याकडे तसेच केले.

थ्री फेज मोटारीच्या अंगाला आर्थिंगच्या दोन वेगळ्या तारा हव्यात. एक तुटली तर दुसरी राहते. तार नुसती गुंडाळू नये. नटबोल्टने घट्ट बसवावी. मिठाने लोखंड गंजते, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी जोड पाहावेत.

जागता पहारेकरी

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डाल्झील नावाचे प्राध्यापक होते. माणसाच्या हातातून किती वीज गेली म्हणजे त्याला तार सोडता येत नाही, हे त्यांनी मोजले. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, बायकांची त्याहून कमी. मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग. म्हणजे फ्यूज जळण्याच्या पुष्कळ आधी माणूस मरतो. फ्यूज हा माणसाचा रक्षक नव्हे, तो तारेचा रक्षक आहे.

डाल्झील यांनी १९६१ साली एक उपकरण केले. गेलेली वीज आणि परत आलेली वीज सारखी आहे का, हे ते पाहते. थोडीही वाटेत गळली की क्षणात पुरवठा तोडते. १९६८ साली अमेरिकेच्या वीज-नियमांत ते पहिल्यांदा सक्तीचे झाले, ते तरणतलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी!

आपल्याकडे या जातीच्या उपकरणाला आरसीसीबी म्हणतात. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. त्यावर तपासणीचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. उपकरण पडले पाहिजे. आरसीसीबी बसवले म्हणून आर्थिंग सोडू नये. दोन्ही हवीत.

विहिरीत उतरण्याआधी

गाळ काढताना २३० व्होल्टचा बल्ब जोड दिलेल्या वायरने विहिरीत कधीही सोडू नका. तरणतलावातसुद्धा वीज उतरवून १२ व्होल्टचे दिवे लावतात. आपल्याला बॅटरीचा दिवा पुरे आहे.

पुष्कळ स्टार्टरना ऑटो स्विच असतो. लाइन आली की मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत माणूस असताना लाइन आली तर काय होईल? म्हणून उतरण्याआधी मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. पोरे पोहायला जाणार असतील तर घरच्या मोठ्या माणसाने हेच करावे.

काही लोक एक फेज आणि आर्थिंगची तार घेऊन विहिरीवर बल्ब लावतात. हे फार वाईट. आर्थिंगची तार कुठे तुटली तर तीच वीज मोटारीच्या अंगावर येते.

आपल्या राज्यात १९६० साली विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याच्या वेगळ्या कंपन्या झाल्या आणि आता घरोघर वीज महावितरण पुरवते. तार पडली, खांबाला वीज उतरली, तर १९१२ या क्रमांकावर कळवा.

कोणाला वीज लागली तर त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. मात्र खांबावरची तार तुटून पडली असेल तर लाकडानेही शिवू नका. लाइन बंद होईपर्यंत लांबच राहा. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर जोराने, भराभर दाब देत राहा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आमचा बैल परत आला नाही. पण आता आमचा सालदार "मुंग्या येतात" असे म्हणाला, तर आम्ही चप्पल शोधत नाही. आधी मेन स्विच पाडतो.

लक्षात ठेवा

१. पेटीला मुंग्या आल्या की मोटार बंद. वायरमन आल्याशिवाय सुरू करू नये.
२. आर्थिंग बल्बने नव्हे, यंत्राने तपासावे.
३. विहिरीवरचे सगळे लोखंड एकमेकांना आणि आर्थिंगला जोडावे.
४. फ्यूजमध्ये जाड तार घालू नये.
५. विहिरीत उतरताना किटकॅट खिशात.

प्रश्न

१. तारेवर बसलेली चिमणी का मरत नाही?
२. अडथळा ४६ ओहम असेल तर किती अँपिअर वीज वाहील? १५ अँपिअरचा फ्यूज जळेल काय?
३. तुमच्या विहिरीवर लोखंडाच्या किती वस्तू आहेत? त्यांतल्या किती आर्थिंगला जोडलेल्या आहेत? उद्या जाऊन मोजा आणि वर्गात सांगा.