आजीचे मत

भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई नावाचे जुने गाव आहे. त्या गावातील एका घरात सत्त्याऐंशी वर्षांची एक आजी राहत असे. तिने पहिले मत १९६२ साली दिले. त्या काळी मताचा अधिकार वयाच्या एकविसाव्या वर्षी मिळत असे. तेव्हापासून तिने एकही मतदान चुकविले नव्हते. मतदानाच्या दिवशी धुतलेले लुगडे नेसून ती सकाळीच रांगेत उभी राही.

२०२४ साली महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक आली. मतदान २० नोव्हेंबरला व्हावयाचे होते. परंतु त्या पावसाळ्यात आजी अंगणात घसरून पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. तिला अंथरुणावरून उठवत नव्हते. “यंदा माझे मत गेले,” असे म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरविले.

निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली. त्याच सुमारास गावाच्या मतदारयादीचे काम पाहणाऱ्या बाई घरी आल्या. त्या म्हणाल्या, “आजी, पंचाऐंशी वर्षे पुरी झालेल्या मतदारांना आता घरी बसून मत देता येते. ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्यांनाही ही सोय आहे. हा नमुना १२-ड. अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत तो भरून द्यावा लागतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकदा अर्ज मंजूर झाला, की यादीत आपल्या नावापुढे तशी खूण होते. मग मतदान केंद्रावर मत देता येत नाही.”

आजी विचारात पडली. वीस तारखेपर्यंत आपण चालू लागलो तर? रांगेत उभे राहण्याचा मान सोडावा काय? दोन दिवस तिने अर्जास हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने नातवाकडून चष्मा मागून घेतला आणि सही केली.

आजीच्या मुलास त्या दिवशी कामासाठी नाशिकला जावयाचे होते. त्याने बाईंना विचारले, “मग मलाही आधी मत देता येईल काय?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “ही सवलत सर्वांसाठी नाही. सैन्यातील जवान, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी, आयोगाने ठरविलेल्या अत्यावश्यक सेवांतील माणसे अशा काहींनाच टपाली मत देता येते. आपण मात्र केंद्रावरच आले पाहिजे.” मुलाने नाशिकचा प्रवास पुढे ढकलला.

मतदानापूर्वी काही दिवस, आगाऊ कळवून, अधिकाऱ्यांचे पथक घरी आले. त्यांच्याबरोबर पोलीस होता आणि चित्रीकरण करणारा मनुष्यही होता. आजीच्या खाटेजवळ पुठ्ठ्याचा आडोसा उभा करण्यात आला. तेव्हा मुलगा पुढे होऊन म्हणाला, “आई, तुझा हात थरथरतो. दे, मीच खूण करतो.”

अधिकारी नम्रपणे म्हणाले, “ज्यांना दिसत नाही किंवा खूण करताच येत नाही, त्यांना सोबती घेता येतो. आजी, आपणांस हवा आहे काय?”

“मला दिसते आणि लिहिताही येते,” आजी ठामपणे म्हणाली. “बाळा, तू बाहेर जा.”

मुलगा ओशाळून ओटीवर गेला. आडोशामागे आजीने सावकाश खूण केली. मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते तिने चिकटविले. नंतर घोषणापत्रावर सही केली. अधिकाऱ्यांनी ती साक्षांकित केली. घोषणापत्र आणि लहान पाकीट दोन्ही मोठ्या पाकिटात गेली.

दोन पाकिटांमागे मोठी योजकता आहे. मतमोजणीच्या वेळी प्रथम घोषणापत्र पाहिले जाते. ते नसेल किंवा त्यावर योग्य सही नसेल, तर लहान पाकीट न उघडताच मत बाद होते. मतदार कोण हे घोषणापत्रावरून कळते. त्याने कोणास मत दिले हे मात्र कोणासही कळत नाही.

हिमाचल प्रदेशातील श्यामशरण नेगी हे शिक्षक होते. हिमवर्षावापूर्वी मतदान व्हावे म्हणून किन्नौर भागात १९५१ च्या ऑक्टोबरातच मतदान घेण्यात आले, आणि २५ तारखेस त्यांनी स्वतंत्र भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाची शंभरी उलटल्यावर, त्यांनी घरूनच टपाली मत दिले. त्यानंतर तीन दिवसांनी ते निवर्तले.

२३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. नियमाप्रमाणे टपाली मतांची मोजणी प्रथम सुरू झाली. नातू हळूच म्हणाला, “आजी, तू कोणाला मत दिलेस?”

आजी हसली. “पाकीट बंद केले, तेव्हाच तोंडही बंद केले,” ती म्हणाली.

शब्दार्थ
अधिसूचना – सरकारी जाहीर सूचना
साक्षांकित करणे – खरेपणाची साक्ष म्हणून सही करणे
योजकता – विचारपूर्वक केलेली आखणी
निवर्तणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. अर्जावर सही करण्यास आजीने दोन दिवस का लावले?
२. दोन पाकिटे कशासाठी वापरतात?
३. आजीने मुलास बाहेर का पाठविले? तिचे करणे योग्य होते काय? आपले मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. ‘तोंड फिरविणे’ व ‘हात न लावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.