‘अजून नाही’ म्हणणारा क्लास



तायक्वांदोच्या क्लासात चौकशीला येणाऱ्या आईबाबांचे प्रश्न ठरलेले असतात. "मॅडम, ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळतो? फी किती? बॅच कितीची?" प्रश्न रास्तच आहेत. पण क्लास चालवणारी बाई म्हणून सांगते, यांवरून चांगला क्लास ओळखता येत नाही. या प्रश्नांची गोड उत्तरं आम्हा सगळ्यांना तोंडपाठ असतात. म्हणून आज आमच्या बाजूचा हिशेबच तुमच्यापुढे उघडते. तो कळला की क्लास कसा पारखायचा हे वेगळं सांगावं लागणार नाही.

समजा, क्लासात 40 मुलं आहेत आणि महिन्याची फी 800 रुपये आहे. म्हणजे 32,000 झाले. सोसायटीच्या किंवा शाळेच्या हॉलचं भाडं 12,000, हाताखालच्या मुलाला 8,000, मॅट, किकिंग पॅड, वीज, येणंजाणं मिळून 4,000. उरले 8,000. त्यात परीक्षांच्या दिवसांत निम्मा क्लास गायब होतो, मे महिन्यात गावाला जातो, आणि दहावीच्या वर्षी तर बरीचशी मुलं क्लास सोडूनच देतात. एवढ्यावर घर चालत नाही. मग खड्डा कुठून भरायचा? बेल्ट परीक्षेतून. प्रत्येकी 600 रुपये धरले, तर एका परीक्षेला 24,000 जमतात. संघटनेचा वाटा, पट्टा, प्रमाणपत्र यांचे पैसे वजा केले तरी चांगली रक्कम हाती राहते. शिवाय डोबोक म्हणजे गणवेश, गार्ड, शिबिर, स्पर्धेची प्रवेश फी आहेच.

यात लबाडीच आहे असं मी म्हणत नाही. परीक्षा घेतली की खर्च येतो आणि शिकवणाऱ्यालाही पोट आहे. पण मोह कुठे आहे ते बघा. दर तीन महिन्यांनी परीक्षा लावली आणि सगळ्यांना पास केलं, की मूल खूश, आईबाबा खूश, क्लासही खूश. याउलट "आरवची किक अजून तोलात येत नाही, पुढच्या वेळी बघू" असं म्हणणाऱ्या सरांची फी तर बुडतेच, वर तुम्ही रागावून शेजारच्या क्लासात जाल ही धास्ती असते. पदरचे पैसे घालवून कोणी ‘अजून नाही’ म्हणत असेल, तर त्या शब्दाला वजन आहे. क्लास पारखायची माझी खूण ही एवढीच.

आता त्या ‘किती वर्षांत’ प्रश्नाकडे वळू. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि शेवटी काळा असा हा क्रम आहे, मध्ये ग्रीन वन, ब्लू वन अशा पायऱ्या. रंगीत पट्टे म्हणजे शाळेतल्या घटक चाचण्या. पेपर आमचा, तपासणारेही आम्ही किंवा आमची संघटना. काळ्या पट्ट्याची मोहोर मात्र बाहेरून येते. ऑलिंपिकमध्ये जो तायक्वांदो खेळला जातो, त्याचं हे काम सोलमधली कुक्कीवॉन ही संस्था करते.  पंधरा वर्षांखालच्या मुलाला तिथून ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याची श्रेणी, मिळत नाही, ‘पूम’ मिळतो, आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. त्यापुढेही घाई चालत नाही. पहिल्या दानानंतर दुसऱ्याला किमान एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्याला किमान दोन, तिसऱ्यानंतर चौथ्याला किमान तीन वर्षं थांबावं लागतं. थांबायला लावणं हे असं या विद्येच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

कोरियात रोज क्लासला जाणारी मुलं वर्ष-दीड वर्षात पहिल्या पूमला पोहोचतात, हे खरं आहे. पण तिथलं चित्र वेगळं. शाळा सुटली की डोजांगची, म्हणजे क्लासची, गाडी मुलांना घ्यायला येते. आईबाबा कामावरून परतेपर्यंत मुलं तिथेच दोरीउड्या मारतात, खेळतात, वडीलधाऱ्यांशी कसं वागावं ते शिकतात, आणि त्यातच तायक्वांदोही शिकतात.  आपल्याकडे आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास. त्यातही पाऊस, सणवार, युनिट टेस्ट. मग तीन-चार वर्षं लागली तर बिघडलं कुठे? "वर्षात ब्लॅक बेल्ट, गॅरंटीने" अशी पाटी दिसली, तर रोजचे तास किती ते आधी विचारा.

क्लास कोणत्या घराण्याचा हेही विचारून घ्या. ‘तायक्वांदो’ हे नाव 1955 साली ठरलं. ते सुचवणाऱ्या जनरल चोई हाँग ही यांनी 1966 साली आयटीएफ ही संघटना काढली. 1973 साली दुसरी जागतिक संघटना सोलमध्ये स्थापन झाली, तीच आजची वर्ल्ड तायक्वांदो. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकांसाठी खेळला जातो तो हिचा खेळ. दोन्हीकडे चांगले गुरू आहेत. पण दोघांच्या स्पर्धा वेगळ्या, प्रमाणपत्रं वेगळी, आणि सामन्याचे नियमही वेगळे. वर्ल्ड तायक्वांदोच्या सामन्यात तोंडावर ठोसा चालत नाही, आयटीएफमध्ये चालतो. शिवाय आपल्या देशात राष्ट्रीय संघटनांमध्येच भांडणं झालेली आहेत. म्हणून कागदावर कोणाचा शिक्का आहे आणि तो कुठे चालतो, हे आधीच विचारावं. सरांचा स्वतःचा दान क्रमांक विचारायलाही संकोचू नका. कुक्कीवॉनच्या प्रमाणपत्राला नंबर असतो आणि तो इंटरनेटवर तपासता येतो. ज्याचं खरं आहे, त्याला राग येत नाही.

कागद झाले, आता प्रत्यक्ष क्लास बघा. फी भरण्याआधी पूर्ण एक तास बसा. बसू देत नसतील तर तिथेच विषय संपला. पुढच्या रांगेतली, उंच पाय टाकणारी मुलं सगळेच दाखवतात. तुमची नजर मागच्या रांगेवर असू द्या. ज्याला डावा-उजवा कळत नाही, जो जाडजूड आहे, जी रडवेली झाली आहे, त्या मुलांशी सर कसे बोलतात? त्यांचं नाव घेऊन बोलतात की "ए ढब्बू" म्हणतात? चुकलं की उठाबशा आणि पट्ट्याचे फटके, की पुन्हा करून दाखवणं? जमिनीवर मॅट आहे की नुसती फरशी? स्प्लिट बसवण्यासाठी कोणी मुलाच्या मांडीवर पाय देतं का, पाठीवर बसतं का? वाढत्या वयातल्या हाडांच्या टोकांना आणि स्नायूंना अशा जबरदस्तीने इजा होते. लवचिकता महिन्यांनी येते. इथेही ‘अजून नाही’ म्हणायची तयारी लागते.

आता थोडं नाजूक. मुलांच्या अंगाला हात लावल्याशिवाय हा खेळ शिकवता येत नाही. गुडघा वळवावा लागतो, कंबर फिरवून दाखवावी लागते. म्हणूनच रिवाज काटेकोर हवेत. दार उघडं, दुसरं मोठं माणूस हजर, हात लावण्याआधी सांगणं, मुलींच्या बॅचला शक्यतो बाई. सरांचे निरोप पालकांच्या ग्रुपवर यावेत. मुलाच्या फोनवर रात्री वेगळे मेसेज येता कामा नयेत. बाहेरगावच्या स्पर्धेला कोण सोबत जातंय, मुली कुठे झोपणार, खोलीत कोण असणार हे लेखी मागा. मुलालाही सांगून ठेवा की सर कितीही मोठे असले, तरी नकोसं वाटलं तर घरी येऊन बोलायचं. काही कानावर आलं तर ‘क्लासचं नाव खराब होईल’ म्हणून दाबू नका. 2012 चा पोक्सो कायदा यासाठीच आहे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. चांगल्या क्लासला या प्रश्नांची सवय असते.

आता स्पर्धा. शालेय स्पर्धांमध्ये 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट असतात. मूल जिल्हा, विभाग, राज्य असं वर सरकतं. पुढे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणही आहे. त्यामुळे प्रमाणपत्रांचा बाजार भरतो. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात उघडकीला आलेली आहेत. ‘इंटरनॅशनल’ असं बॅनर लावलेल्या, दोन-अडीच हजार घेऊन भरवलेल्या स्पर्धेतून मूल रौप्य घेऊन आलं, तर कौतुक जरूर करा. पण नंतर हळूच विचारा, गटात किती जण होते? वजनगटात दोनच मुलं असली की हरणाऱ्याच्या गळ्यातही रौप्यपदक पडतं.

वजनगटावरून आणखी एक सांगायचं आहे. खालच्या गटात बसावं म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, स्वेटर घालून पळवणं हे प्रकार चालतात. कधी सर सांगतात, तर कधी आईबाबाच सुचवतात. वाढीच्या वयात मुलाचं वजन वाढायलाच हवं. जो गट येईल त्यात खेळू द्या, हरलं तर हरू द्या.

डोक्याच्या माराबद्दल तर मी ऐकूनच घेत नाही. क्योरुगीत, म्हणजे सामन्यात, धडावरच्या लाथेला दोन गुण आणि डोक्यावरच्या लाथेला तीन, त्यामुळे सगळ्यांचा डोळा डोक्यावर. हेडगार्डने खोक टळते आणि हाड वाचतं, पण आत मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबत नाही. लाथ लागल्यावर मूल गोंधळलं, डोकं धरून बसलं, उलटी झाली, तर त्या दिवशीचा खेळ संपला आणि डॉक्टर गाठायचा, मग अंतिम सामना का असेना. नवीन मुलाला पहिल्या काही महिन्यांतच सामन्यात उतरवणारा क्लास मला पटत नाही. आधी पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, पक्के, मग पॅडवर किक, मग गार्ड घालून जोडीदाराबरोबर हलका सराव, आणि मग मैदान.

मुलींच्या आया विचारतात, "म्हणजे आता ती स्वतःचं रक्षण करू शकेल ना?" खरं उत्तर द्यायचं तर पिवळा किंवा हिरवा पट्टा कमरेला आला म्हणून बारा वर्षांची मुलगी धडधाकट पुरुषाला लोळवत नाही. तसं सांगणारा क्लास तिला संकटात लोटतो. तिला मिळतं ते वेगळं आहे. पोटातून आवाज काढता येतो, अंगावर कोणी धावून आलं तर गोठून न जाता पाय हलतात, अंतराचा अंदाज येतो. ओरडायचं, निसटायचं, पळायचं आणि सांगायचं, हे चारही शिकवणारा क्लास शोधा.

एका बाबतीत मात्र ‘नाही’ ऐकून घेऊ नका. मुलाचा हात अधू आहे, ऐकू कमी येतं, समज थोडी सावकाश आहे, म्हणून कोणी दारातून परत पाठवत असेल, तर तो क्लास शिकवण्याचा कंटाळा करतोय. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, आणि हातांच्या जन्मजात व्यंगासह वाढलेली अरुणा तंवर तिथे भारताकडून खेळली.

आणि आता तुमच्याकडचं. मॅटच्या कडेला उभं राहून "मार, मार" ओरडू नका, त्या क्षणी मुलाला सरांचा आवाज ऐकू यायला हवा. "शेजारची अन्वी ब्लू झाली, तू अजून ग्रीनच" हे वाक्य घरात बंद करा. फी वेळेवर द्या, कारण वेळेवर आलेली फी क्लासला परीक्षेच्या पैशांवर जगण्यापासून वाचवते. बेल्ट परीक्षेचा, गार्डचा, स्पर्धेचा वर्षाचा अंदाजे खर्च जूनमध्येच लिहून मागा. महिन्याची फी थोडी जास्त पण बाकी सगळं उघड, असा क्लास शेवटी स्वस्त पडतो.

आणि एखाद्या दिवशी मूल तोंड पाडून सांगेल, "सरांनी या वेळी मला परीक्षेला बसवलं नाही." तेव्हा लगेच फोन उचलू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे जाऊन विचारा, काय कमी पडलं आणि घरी काय करून घेऊ? सरांना नेमकं सांगता आलं, तर तुमचं मूल योग्य ठिकाणी आहे. क्लास बदलू नका, पुढची फी भरा.