पुष्पक विमान आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची भांडणं

प्रश्न : आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर पुष्पक विमानावरून वाद पेटतो आणि थेट राजकारणावर घसरतो. ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ प्राचीन विमानांचा पुरावा मानावा का? बोलावं की गप्प बसावं?

उत्तर : बोलावं, पण दाव्यापुरतंच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४मध्ये हा ग्रंथ तपासला. तो प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. एवढं सांगून थांबा. मित्राची रामायणावरची श्रद्धा या ग्रंथावर उभी नाही. तिला हात लावू नका. कोण कोणाला मत देतो, हेही उकरू नका. तो चिडलाच, तर ग्रुपवर ताणण्यापेक्षा फोन करा. चारचौघांत माघार घेणं कुणालाही जड जातं.