लघवीची पिशवी

आमच्या डोंबिवलीच्या प्रौढवर्गात एके दिवशी फळ्यावर ‘लघवी’ हा शब्द लिहिला. बायकांनी तोंडाला पदर लावला. कोणी वाचीना. वर्ग सुटल्यावर एक बाई मागे राहिल्या. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या. म्हणाल्या, “गुरुजी, दोन महिने लघवीतून रक्त जातंय. दुखत काही नाही. शेजारीण म्हणते उष्णता आहे, सब्जा घे.”

आम्ही डॉक्टर नव्हे. पण न दुखता लघवीतून रक्त गेले, एकदाच जाऊन थांबले, तरी तपासून घ्यावे, एवढे आम्हांस ठाऊक होते. पाळीचे असेल, उन्हाळी असेल, असे म्हणण्यात बायकांचे फार दिवस जातात. या रोगाचे मोठे कारण विडी-सिगारेट. पण ज्यांनी विडीला कधी हात लावला नाही त्यांनाही तो होतो. दुर्बिणीने तपासल्यावर बाईंच्या मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, कर्करोग निघाला. तो पिशवीच्या स्नायूत शिरला होता. पिशवी काढावी लागणार होती.

“मग लघवी कुठून करायची?” बाईंनी विचारले. प्रश्न खरा होता. तेव्हा आम्ही विचारपूस केली, ती येथे सांगतो.

एक जुनी रीत आहे. आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याचे तोंड पोटावर काढतात व बाहेर पिशवी चिकटवतात. अमेरिकेतील डॉ. ब्रिकर यांनी ती १९५० साली प्रसिद्ध केली. ती आजही चालते, आणि पुष्कळांना तीच सोयीची पडते. तिला कमी लेखू नये.

दुसरी रीत आतच नवी पिशवी शिवण्याची. लहान आतड्याचा ५० ते ६० सेंटिमीटर, म्हणजे सव्वा हातभर तुकडा घेतात. आतडे नळीसारखे असते व आतला माल पुढे ढकलत राहते. तसेच जोडले तर लघवीही ढकलील. म्हणून नळी उभी चिरून सपाट करतात, घडी घालून गोल शिवतात. हे बाईंना लगेच कळले. बाही उसवून तिची पिशवी शिवणे त्यांच्या रोजच्या हातचे.

बायकांसाठी ही रीत उशिरा, १९९० नंतर रुळली. त्याआधी त्यांचा मूत्रमार्गही काढून टाकीत. गर्भाशय, बीजकोश, योनिमार्गाची पुढची भिंतही जाई. योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंनी बारीक मज्जातंतू मूत्रमार्गाकडे जातात. लघवी रोखण्याची ताकद आणि नवराबायकोचे सुख यांचा त्यांच्याशी संबंध आहे. रोग त्या बाजूस नसेल तर शल्यचिकित्सक पिशवीच्या अगदी लगत राहून कापतात व ते तंतू राखतात. काहींचे गर्भाशयही राखता येते. त्याने नव्या पिशवीला मागून आधार राहतो. मात्र रोग पिशवीच्या तोंडाशी किंवा मूत्रमार्गात असेल, मूत्रपिंडे अधू असतील, तर हा मार्ग नाही. आधी रोग पुरता निघाला पाहिजे.

नव्या पिशवीला लघवी लागल्याची जाणीव नीट होत नाही. घड्याळ पाहून जावे लागते. आरंभी दोन-तीन तासांनी, रात्री गजर लावून. बसून, खालचे अंग सैल सोडून, पोट दाबायचे. कल्याणहून मुंबईस तास-सव्वा तास लागतो आणि लोकलमध्ये संडास नसतो; तेव्हा जाऊन मगच गाडीत बसावे. लघवीतून चिकट पदार्थ पडतो, तो आतड्याचा असतो. घाबरू नये, पाणी भरपूर प्यावे. काही बायकांची पिशवी पुरती रिकामी होत नाही. त्यांना रोज बारीक नळी स्वतः घालावी लागते. ते शिकवतात. हे आधी माहीत नसले तर मागाहून फार जड जाते.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालचे. बाईंना तेथे जायचे होते. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर घेतले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारायचे होते. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न बाईंनी वहीत स्वतः लिहिले.

रोग कोठवर गेला आहे?
तंतू राखता येतील का?
आत पिशवी शिवता येईल का, की बाहेरची बरी?
गर्भाशय ठेवता येईल का?

‘गर्भाशय’ लिहिताना रफार चुकला होता, तो आम्ही दुरुस्त करून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या बहिणीला घेऊन परळला गेल्या.